कनवटीचा पैसा

आषाढ-श्रावणात आंबोलीचा घाट धुक्यात बुडालेला असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आणि वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात शनिवार-रविवारी धबधबा पाहण्यासाठी कोल्हापूर, बेळगाव, गोवा येथून माणसांची रीघ लागते. घाटातल्या टपरीवर भिजलेली मंडळी चहा घेतात, कांदाभजी खातात, भाजलेले कणीस हातात घेतात आणि पैसे देण्यासाठी खिशातून पाकीट नव्हे तर मोबाइल काढतात. टपरीच्या फळीला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोनी कागद चिकटवलेला असतो. फोन त्याच्यासमोर धरला की व्यवहार पुरा होतो. परंतु अशा पावसात वीज जाते, तिच्या मागोमाग फोनची रेंजही जाते, आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहते. गिऱ्हाइकाच्या खिशात एक दमडीही नसते. खाली गाडीचा कर्णा वाजत असतो. टपरीवाली म्हणते, "असांदे, मागीर धाडा." काही जण आठवणीने पाठवतात, काही जण विसरतात. चहा-भज्यांचे जे साठ-सत्तर रुपये बुडतात ते टपरीवालीचे बुडतात. ज्यांनी ही यंत्रणा उभारली त्यांना त्याची तोशीस लागत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी याच टपरीवर वेगळी अडचण होती. दहा रुपयांच्या चहासाठी गिऱ्हाईक पाचशेची नोट पुढे करी आणि मोड नाही म्हणून चहा फुकट जाई, किंवा उरलेल्या पैशांबद्दल चॉकलेटे हातावर ठेवली जात. तेव्हा लोकांच्या खिशात मोठी नोट होती आणि सुटे पैसे नव्हते. आता नोटच नाही. दोन्ही वेळी व्यवहारातली अडचण सोसणारा माणूस मात्र एकच आहे. माणसाने रोजच्या जगण्यात स्वतःजवळ किती रोकड बाळगावी, हा प्रश्न वरकरणी ज्याच्या त्याच्या सवयीचा, फार तर पिढीच्या फरकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो अर्थव्यवस्थेतील जोखीम कोणी कोणाच्या माथी मारावी याचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्यांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

माणूस पैसा रोख का बाळगतो, याचे उत्तर केन्सने १९३६ साली तीन हेतूंत मांडले. रोजचे व्यवहार भागवण्यासाठी, अकल्पित अडचणीला तोंड देण्यासाठी, आणि भावांच्या चढउतारांचा लाभ घेण्यासाठी. तिसरा हेतू श्रीमंतांचा. त्याचा आंबोलीच्या टपरीशी संबंध नाही. पहिले दोन हेतू मात्र सर्वांचे आहेत, आणि तेथेच वर्गभेद स्पष्ट दिसू लागतो. ज्याच्याजवळ पत आहे त्याला रोकड लागत नाही. बड्या माणसाचा खिसा रिकामा असला तरी त्याचे काही अडत नाही. हॉटेलवाला त्याला ओळखतो, रुग्णालय त्याला आधी दाखल करून घेते, क्रेडिट कार्ड त्याला महिनाभर बिनव्याजी उधार देते. शेतमजुराला पतीचा हा आधार नाही. त्याला दवाखान्याच्या दारात आधी पैसे दाखवावे लागतात. ज्याचा शब्द बाजारात चालत नाही त्याची नोटच त्याच्या वतीने बोलते. कनवटीला खोचलेले किंवा पदराच्या गाठीला बांधलेले ते चार पैसे ही त्याची एकमेव पत असते.

गरिबांजवळ रोकड फार असते आणि श्रीमंत मात्र आधुनिक पद्धतीने व्यवहार करतात, असा एक समज शहरी सुशिक्षितांत रुजला आहे. तो चुकीचा आहे. गरिबांजवळ रोकड थोडीच असते. पण जे काही असते ते बहुतेक रोकडीच्याच रूपात असते. एकाची रोकड हा त्याच्या संपत्तीचा नगण्य अंश असतो, तर दुसऱ्याची रोकड हीच त्याची संपत्ती असते. या दोघांच्या खिशांची तुलना रकमेवरून करणे हे अर्थशास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

कोकणाला हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. हा प्रदेश शंभर वर्षांहून अधिक काळ मनीऑर्डरवर जगला. भारतात टपालखात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा व कोकणातल्या घराची चूल यांच्यामध्ये तिने दुवा जोडला. सावंतवाडी, कुडाळ, मालवण, देवगडकडचा तरुण गिरणीत लागे, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवे आणि पगार झाला की घरी पैसे पाठवी. त्याच्या स्वतःच्या खिशात महिनाअखेरीस फारसे काही उरत नसे. खानावळवालीच्या उधारीवर त्याचा महिना निघे. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यानंतर ज्या बाईच्या हाती कधी स्वतःचे असे शंभर रुपये आले नव्हते ती बँकेत सही करू लागली. १९६९ च्या जुलैमध्ये झालेल्या चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा खरा अर्थ अशा ठिकाणी दिसून आला.

मनीऑर्डरीचा दुसरा विशेष आज सहसा ध्यानात घेतला जात नाही. ती रक्कम पोस्टमन घरी आणून देई. पावसातून, पाणंदीतून, ओढा ओलांडून तो वाडीवर येई, म्हाताऱ्या आईचा अंगठा घेई, साक्षीदाराची सही घेई आणि नोटा तिच्या हातावर मोजून ठेवी. त्यासाठी पाठवणाऱ्याला हशील पडे; अखेरच्या काळात ते शंभर रुपयांमागे पाच रुपये होते. ते थोडे नव्हते. परंतु त्या मोबदल्यात शासनाच्या एका खात्याने नागरिकाचा पैसा त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी उचललेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कोकणातल्या कित्येक घरांना त्या संपाची झळ वर्तमानपत्रातून नव्हे, तर पोस्टमन रिकाम्या हाताने दारावरून पुढे गेला तेव्हा कळली.

२०१५ साली जुन्या पद्धतीची कागदी मनीऑर्डर बंद झाली. तिची जागा बँकखात्याने आणि पुढे फोनने घेतली. मुंबईतला, पुण्यातला किंवा आखातातला मुलगा आज एका क्षणात आईच्या खात्यात पैसे जमा करू शकतो, आणि त्यासाठी देशातल्या देशात त्याला बहुधा काहीच खर्च येत नाही. ही प्रगती आहे, हे निखालसपणे मान्य केले पाहिजे. मात्र पैसा खात्यात पडला म्हणजे तो आईच्या हाती पडला असे नव्हे. खात्यापासून हातापर्यंतचे जे अखेरचे अंतर आहे ते आता तिला स्वतः चालावे लागते. पूर्वी पैसा माणसाकडे येत असे, आता माणसाला पैशाकडे जावे लागते. हा फरक कोणत्याही सरकारी अहवालाच्या मुखपृष्ठावर आढळणार नाही. पण डोंगरातल्या वाडीवरच्या प्रत्येक वृद्धेला तो ठाऊक आहे.

किती रोकड जवळ बाळगायची याचे गणितही या अंतराशी बांधलेले आहे. बॉमोल (१९५२) आणि टोबिन (१९५६) या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी ते सूत्रबद्ध केले. बँकेत जाण्याचा खर्च आणि त्रास जितका अधिक, तितकी माणूस एका वेळी मोठी रक्कम काढतो आणि तितकी अधिक रोकड घरात पडून राहते. आंबोलीच्या आसपासच्या एखाद्या वाडीवरच्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. राज्य शासनाच्या २०२४ सालच्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये तिच्या खात्यात आले. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, हे जमेस धरले तरी बँकेच्या दारापर्यंतची वाट, रांग, आणि 'आज यंत्र बंद आहे, उद्या या' हे उत्तर ऐकावे लागण्याचा संभव, एवढे सगळे मिळून तिच्या रोजगाराचा एक दिवस खर्ची पडतो. अशा स्थितीत तिने महिन्यात चार खेपा घालाव्यात अशी अपेक्षा धरणे हा शुद्ध अव्यवहार आहे. ती एकदाच जाते, सगळे पैसे काढते आणि तांदळाच्या डब्यात ठेवते. बँकेचे अधिकारी याला आर्थिक साक्षरतेचा अभाव म्हणतात. वस्तुतः टोबिनचे गणित तिने कागदाविना सोडवलेले असते. अभाव आहे तो तिच्या समजुतीचा नव्हे, तर तिच्या वाडीपर्यंत पोचणाऱ्या सेवेचा आहे.

डब्यातल्या या पैशाकडे राज्यकर्त्यांनी कोणत्या नजरेने पाहिले, हे ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री दिसून आले. पाचशे आणि हजाराच्या नोटा, म्हणजे चलनातील एकूण मूल्याच्या सुमारे ८६ टक्के, चार तासांच्या सूचनेने रद्द करण्यात आल्या. याआधी १९४६ मध्ये आणि जनता पक्षाच्या राजवटीत १६ जानेवारी १९७८ रोजी नोटा रद्द झाल्या होत्या. परंतु त्या त्या काळच्या मानाने फार मोठ्या मूल्याच्या होत्या आणि सामान्य माणसाने त्या पाहिल्याही नव्हत्या. २०१६ चा घाव थेट मजुराच्या कनवटीवर पडला. त्यातही १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई झाली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतकऱ्याचे खाते ज्या बँकेत असते नेमक्या त्याच बँकेवर अविश्वास दाखवण्यात आला. ऐन सुगीत भात कापणाऱ्या मजुराला द्यायला मालकाजवळ चालणारी नोट नव्हती, आणि नव्याने आलेली दोन हजारांची नोट मोडायला बाजारात शंभराच्या नोटा नव्हत्या. अखेर रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानेच सांगितले की रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के नोटा बँकांत परत आल्या. काळा पैसा डब्यात नव्हता. डब्यात होती ती म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद.

याच घटनेनंतर देश रोकडमुक्त होईल अशी भाकिते करण्यात आली. त्यांचे पुढे काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या देयकव्यवस्थेने विलक्षण झेप घेतली. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात तिच्यावरील व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. पण त्याच काळात चलनातील रोकडही वाढत राहिली. नोटाबंदीच्या आधी ती सुमारे १८ लाख कोटी रुपये होती, मार्च २०२४ अखेर ती ३५ लाख कोटींच्या आसपास पोचली. राष्ट्रीय उत्पन्न वाढले, भावही वाढले, त्यामुळे नुसत्या रकमेवरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही, हे खरे. परंतु राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले तिचे प्रमाणही २०१६ पूर्वीच्या सुमारे बारा टक्क्यांपासून फार खाली आलेले नाही. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात तर ते चौदा टक्क्यांच्या वर गेले होते. व्यवहारासाठी खिशात बाळगायची रोकड फोनमुळे कमी झाली, आणि अडीअडचणीसाठी घरात ठेवायची रोकड मात्र टिकून राहिली, असा याचा अर्थ लावता येतो. केन्सचा पहिला हेतू फोनने भागवला; दुसरा भागवणे त्याला जमलेले नाही. ज्या समाजात आजारपणाचा, बेकारीचा आणि वार्धक्याचा भार अजूनही एकेकट्या कुटुंबावर आहे त्या समाजात सावधगिरीची ही रोकड राहणारच. रोकड कमी व्हावी असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी आधी सामाजिक सुरक्षितता वाढवावी.

येथे एका भ्रमात सापडण्याचा धोका आहे, आणि डाव्या विचारांच्या माणसांनी त्याबाबत अधिक सावध असावे. रोकड ही गरिबांची आणि फोन हा भांडवलदारांचा, अशी सोपी विभागणी करून मोकळे होता येणार नाही. रोखीने मजुरी देण्याच्या पद्धतीनेच कामगाराला पिढ्यान्‌पिढ्या लुबाडले आहे. दोनशेवर अंगठा आणि हातात दीडशे, हा प्रकार मजुरांना नवा नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावे आणि मुकादमाच्या खिशात खरे पैसे, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. खात्यात जमा होणाऱ्या मजुरीची नोंद राहते. ती न्यायालयात दाखवता येते. स्वतःच्या नावाचे खाते आणि स्वतःचा फोन असलेल्या स्त्रीचे पैसे नवऱ्याच्या हाती पडून गुत्त्यावर जाण्याची शक्यता कमी होते. टपरीवालीलाही फोनवरचा पैसा सोयीचा आहे. मोडीची कटकट नाही, रात्री घरी जाताना गल्ला लुटला जाण्याची भीती नाही. या सोयी क्षुद्र लेखणे म्हणजे श्रमिकांच्या अनुभवाकडे पाठ फिरवणे होय.

तथापि कामगार चळवळीचा इतिहास याच्या दुसऱ्या बाजूचीही आठवण देतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कारखानदार मजुरी नाण्यांत न देता मालाच्या किंवा टोकनांच्या रूपात देत, आणि ती टोकने मालकाच्याच दुकानात चालत. १८३१ च्या ट्रक कायद्याने त्याला बंदी घातली. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच दिली पाहिजे असे बंधन घातले. १९७६ च्या दुरुस्तीने कामगाराच्या लेखी संमतीने धनादेश किंवा खाते यांचा मार्ग खुला झाला. २०१७ च्या दुरुस्तीने ती संमतीची अट काढून टाकली. रोख मजुरीचा आग्रह हा मागासलेपणा नव्हता. आपल्या श्रमाचे मोल कोठेही, कोणाकडेही, कोणाच्याही परवानगीविना खर्च करता यावे, हे कामगाराचे स्वातंत्र्य त्यात होते. रोकड असो वा फोन, कसोटी हीच लावली पाहिजे. पैशाच्या रूपाला महत्त्व नाही. तो खर्चण्याच्या स्वातंत्र्याला आहे.

या कसोटीवर आजची व्यवस्था पूर्णपणे उतरत नाही. यूपीआय ही यंत्रणा रिझर्व्ह बँक व बँकांनी मिळून स्थापलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाची, म्हणजे एका अर्थाने सार्वजनिक स्वरूपाची आहे. परंतु तिच्यावरून होणाऱ्या व्यवहारांपैकी सुमारे ऐंशी टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन कंपन्यांच्या दारातून जातात. पहिलीची मालकी प्रामुख्याने वॉलमार्टकडे, दुसरी गुगलची. कोणत्याही एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, हा नियम महामंडळाने २०२० साली केला आणि त्याच्या अंमलाची मुदत पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेली. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, हे स्वागतार्ह आहे. पण गिऱ्हाइकाच्या खिशातली रोकड पूर्ण संपल्यावर हे शुल्क शून्यच राहील याची हमी कोण देणार? ज्याच्याजवळ दुसरा मार्ग उरलेला नाही त्याच्याकडून किंमत वसूल करणे बाजाराला चांगले साधते. टपरीवालीच्या हाती रोकडीचा पर्याय असणे, हीच तिची सौदा करण्याची शक्ती आहे. दुसरीकडे, स्वतःचेच पैसे एटीएममधून काढण्याच्या मोफत खेपा संपल्या की प्रत्येक खेपेला घ्यायच्या शुल्काची कमाल मर्यादा १ मे २०२५ पासून तेवीस रुपये झाली. कामगार दिनाची ती तारीख योगायोगाने निवडली गेली असावी. पण पाचशे रुपये काढणाऱ्याला तेवीस रुपये म्हणजे साडेचार टक्क्यांहून अधिक भुर्दंड, हा हिशेब योगायोगाचा नाही. एवढ्याच हशिलात एकेकाळी पोस्टमन पैसे घरी आणून देत असे.

कराच्या बाबतीतही असाच विषम न्याय दिसतो. जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या छोट्या दुकानदारांना त्यांच्या यूपीआयवरील जमा रकमेच्या आधारे वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, आणि पाहता पाहता अनेक दुकानांवरून ते ठिपक्यांचे कागद उतरून 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. कर द्यायला हवा, याबद्दल दुमत नाही. परंतु भाजीवाल्याचा प्रत्येक रुपया शासनाला दिसावा, आणि २०१८ च्या निवडणूक रोख्यांतून राजकीय पक्षांना कोट्यवधी देणाऱ्यांचे नाव मात्र नागरिकाला दिसू नये, हा कोणता न्याय? सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती रोखे योजना घटनाबाह्य ठरवली, म्हणून ती नावे बाहेर आली. पारदर्शकतेचा प्रारंभ कनवटीपासून नव्हे, तिजोरीपासून व्हायला हवा.

आणि पुन्हा तो पाऊस. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपले, विजेचे खांब कोसळले, गावेच्या गावे अंधारात गेली. त्याच्या आदल्या वर्षी जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी मेणबत्ती, काडेपेटी, तांदूळ आणि रॉकेल यांसाठी चालला तो घरात शिल्लक असलेला रोख पैसाच. हे केवळ कोकणाच्या नशिबी आहे असेही नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश काही तास पूर्णपणे अंधारात गेले. कार्डे निरुपयोगी झाली, आणि ज्यांच्या खिशात नाणी-नोटा होत्या त्यांनाच दुकानात पाव मिळाला. त्यानंतर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या एका अभ्यासलेखाने लक्ष वेधले की नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, फिनलंड यांसारख्या देशांतील अधिकाऱ्यांनी नागरिकांना प्रत्येकी सुमारे सत्तर ते शंभर युरो रोख घरात ठेवण्याचा सल्ला दिला आहे. रोकड जवळजवळ नाहीशी झालेल्या स्वीडनने २०२० पासून मोठ्या बँकांवर रोख सेवा देण्याचे कायदेशीर बंधन घातले. भारतातही २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय वारंवार ठप्प झाले होते. ज्या राष्ट्रांचे अनुकरण करण्यासाठी येथे रोकड संपवायची घाई चालली आहे, ती राष्ट्रे मागे वळून पाहू लागली आहेत.

मग माणसाने जवळ किती रोकड बाळगावी? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. घाटात येणाऱ्या पाहुण्याने परतीचा प्रवास, चार वेळचा चहा-नाश्ता आणि गाडीच्या एखाद्या दुरुस्तीपुरते सुटे पैसे जवळ ठेवावेत; हा त्याच्या सोयीचा भाग तर आहेच, पण टपरीवालीशी करायच्या प्रामाणिक व्यवहाराचाही तो भाग आहे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या वाडीवरच्या कुटुंबाने आठवडाभराचे किराणा-औषध भागेल एवढे रोख घरात ठेवावे, आणि ते शंभर-पन्नासाच्या नोटांत ठेवावे. परंतु ज्याच्या हाती आठवड्याची शिल्लकच नाही त्याला हा उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी व्यवस्थेनेच काही करायला हवे, आणि त्याचा आग्रह धरणे हे राजकीय कार्य आहे.

त्या दृष्टीने काही मागण्या स्पष्ट करायला हव्यात. एसटी, सरकारी दवाखाना, ग्रामपंचायत, वीजबिल भरणा केंद्र अशा कोणत्याही सार्वजनिक खिडकीवर रोकड नाकारली जाऊ नये आणि फोनवरचा पैसाही नाकारला जाऊ नये. निवड नागरिकाची असावी. २०१८ साली सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमनजवळ बोटाचा ठसा घेणारे यंत्र आले आहे आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून घरपोच रोख देता येते. ही सेवा नियमित करावी, वृद्धांना, अपंगांना व एकट्या स्त्रियांना ती विनाशुल्क मिळावी. आणि भातलावणीने, भांडी घासण्याने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला उमटला नाही तर पैसे नाकारले न जाता ओळखीचा दुसरा मार्ग उपलब्ध असावा. एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटा असाव्यात, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिला; मार्च २०२६ पर्यंत नव्वद टक्के यंत्रांत त्या मिळाव्यात, अशी मुदतही घातली. आपल्या तालुक्यात त्याचे पालन झाले की नाही हे पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या माणसाची वाट पाहण्याची गरज नाही. आणि देयकव्यवस्था ही रस्त्यासारखी, पाण्यासारखी सार्वजनिक सेवा असून छोट्या विक्रेत्याला ती कायम विनामूल्य मिळेल, असे वचन कायद्याने दिले जावे.

या मागण्यांवर सेवा परवडत नाही असे उत्तर येईल. कोकणाला ते उत्तर पाठ आहे. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना या भागाने लोकसभेत पाठवले, त्या काळात कोकण रेल्वेच्या मागणीलाही हेच ऐकावे लागत असे. डोंगर फार, नद्या फार, उतारू थोडे. तरीही २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावली, कारण प्रवास हा नागरिकाचा हक्क आहे असे मानणाऱ्यांनी तो प्रश्न चार दशके सोडला नाही. स्वतःच्या कष्टाचा पैसा स्वतःच्या हाती, स्वतःच्या गावी मिळणे, हा त्याहून लहान हक्क नव्हे.

कार्यकर्त्यांसाठी काम अगदी साधे आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस बँकेच्या किंवा एटीएमच्या दारात उभे राहावे. किती माणसे आली, किती कोसांवरून आली, किती रिकाम्या हाताने परत गेली आणि त्या दिवसाचा किती रोजगार बुडाला, याची वहीत नोंद करावी. तालुक्या-तालुक्यांतून अशा नोंदी जमल्या की त्या घेऊन अधिकाऱ्यांच्या दारी जाता येईल. आकडे त्यांच्याकडेही असतात, पण ते यंत्रातून निघालेल्या पैशांचे असतात. परत गेलेल्या माणसांचे नसतात. आणि अशा कामासाठी आंबोलीला जाणाऱ्याने घाटातल्या त्या टपरीवर चहा घ्यावा, तेव्हा पैसे सुटे द्यावेत.